लहानूजींनी पाहिलेला बर्फाचा डोंगर

लहानूजी गजभिये यांची नजर हा सदर भागातल्या सर्वेक्षण कचेरीत कौतुकाचा विषय होता. विमानातून काढलेले जमिनीचे फोटो त्यांच्या टेबलावर यायचे आणि त्यावरून चढ कुठं, उतार कुठं, नाला कुठून वळतो हे ते नकाशावर उतरवायचे. हे काम करणारे इतरही होते, पण गाडं अडलं की फोटो फिरत फिरत लहानूजींच्याच टेबलाशी यायचे. लहानूजी आधी चष्मा धोतराच्या सोग्याला नाही तर सदऱ्याच्या टोकाला पुसायचे, जे त्या दिवशी अंगावर असेल त्याला, आणि मग घाई नसल्यासारखे वाकायचे.

या कामाची गंमत अशी, की ते एका फोटोवर होत नाही. एकाच जागेचे दोन फोटो लागतात. दुसरा विमान जरा पुढं सरकल्यावर काढलेला. ते शेजारी शेजारी मांडायचे आणि वर स्टिरिओस्कोप ठेवायचा. नाव भारदस्त असलं तरी तो म्हणजे पायांवर उभी केलेली दोन भिंगं. डावा डोळा डाव्या फोटोवर, उजवा उजव्यावर. क्षणभर दोन्ही चित्रं डुलतात, मग एकदम एकात एक बसतात आणि सपाट कागदातून डोंगर उठून वर येतो. पहिल्यांदा बघणारा हमखास त्याला बोट लावायला जातो. नवीन भरती झालेली पोरं डाव्या फोटोच्या जागी उजवा ठेवायची, मग सगळा कारभार उफराटा. टेकडीचा खड्डा व्हायचा आणि नाला डोंगराच्या कण्यावरून वाहायला लागायचा. अशा वेळी लहानूजी ओरडायचे, "काहून गा, पाणी टेकडीवर चढवून राहिला का? फोटो बदल!" आणि अख्खा हॉल हसायचा.

ही सगळी १९८९ च्या मे महिन्याआधीची गोष्ट.

मे महिन्यात लहानूजींची बायको सिंधूबाई काविळीनं गेली. पंधरवड्यात खेळ आटोपला. रामबागेतल्या त्यांच्या दोन खोल्यांसमोर मंडप पडला, भंतेजी आले, त्रिशरण झालं, पंचशील झालं. लहानूजींनी कुणाला पाणी हवं, कुणाला परतीची बस कितीची आहे, सगळं जातीनं पाहिलं. रडले मात्र नाहीत. सक्करदऱ्याहून आलेली त्यांची थोरली बहीण प्रयागबाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "रड गा लहानू. कोंडून ठेवू नोको." लहानूजींनी मान डोलावली आणि मंडपवाल्याकडे गेले.

लोकांना वाटलं, माणूस दुःख गिळून बसला आहे. खरी अडचण वेगळीच होती. गिळायला काही नव्हतंच. लहानूजी स्वतः आत डोकावून पाहत होते, अगदी मनापासून, आणि तिथं काही सापडत नव्हतं. पायावर पाय टाकून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याला काढल्यासारखा वाटतो, तसं. फरक एवढाच की पायाला नंतर मुंग्या येतात. इथं त्याही येईनात. सिंधूबाईची लुगडी प्रयागबाईनं वाटून टाकली, तेव्हा ते शेजारी बसून शेंगा सोलत होते. शेंगा चांगल्या होत्या असं त्यांनी सांगितलंसुद्धा.

जुलैत एका सकाळी उठले तर डाव्या डोळ्यासमोर गोणपाट लावल्यासारखं झालं होतं. त्यांनी उजवा डोळा हातानं झाकला. भिंतीवरचं कॅलेंडर गेलं, भिंत गेली, खिडकी फक्त फिकट उजेडाचा ठिपका होऊन राहिली. दुसरा कुणी असता तर त्यानं चपला न घालता दवाखाना गाठला असता. लहानूजींनी "बरं" म्हटलं, हात काढला आणि चहाचं आधण ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. लपवायचं होतं असंही नाही. सांगायला जी थोडीफार उकळी लागते, तीच नव्हती.

पण एक डोळा गेला की माणसाचं अंतर जातं. चहा कपाऐवजी बशीत पडायला लागला. बर्डीच्या बाजारातून सायकलनं येताना ते एका रिक्षाच्या चाकावर आदळले आणि रिक्षावाल्याच्या शिव्या त्यांनी अशा ऐकल्या, जणू रेडिओवर बाजारभाव चालू आहेत. आणि कचेरीत भिंगाखालून डोंगर उठायचे थांबले. कागद तो कागदच. वर्षानुवर्षांच्या सवयीनं ऊन कुठून आलंय, सावली कुठं पडलीय, यावरून ते चढ-उतार ताडायचे. अवघड फोटो आला तर डोकं दुखतं म्हणून बाजूला सरकवायचे आणि शाईनं रेघा गिरवायचं काम मागून घ्यायचे. कुणी काही बोललं नाही. बायको गेलेल्या माणसाला लोक सहा महिने तरी सगळं माफ करतात.

घरात आता लहानूजी आणि त्यांची एकुलती एक मुलगी चारुशीला. चारूनं भूगर्भशास्त्रात एम. एस्सी. केलं होतं, आणि त्यात बापाचा हात होता. लहानपणी कचेरीत मोडीत निघालेला एक छोटा स्टिरिओस्कोप लहानूजींनी घरी आणला होता, आणि इतर पोरी भातुकली खेळायच्या त्या वयात ही पोरगी जमिनीवर पालथी पडून सातपुड्याचे डोंगर बघायची. आता तिला अहमदाबादच्या एका संशोधन संस्थेचं बोलावणं आलं होतं. दिवाळी झाली की हजर व्हायचं. ग्रहांच्या चंद्रांवरचं काम होतं. बोलावणं येऊन महिना झाला तरी चारू त्यावर हो म्हणेना की नाही म्हणेना.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेचं व्हॉयेजर यान नेपच्यूनजवळून गेलं होतं. नेपच्यूनला ट्रायटन नावाचा चंद्र आहे, आणि तिथली थंडी अशी की हवासुद्धा गोठून जमिनीवर पडलेली. आणि अशा ठिकाणी म्हणे जमिनीतून काळे लोट उसळताना दिसले. चारूच्या सरांचा अमेरिकेत एक मित्र होता, त्यानं त्या चंद्राच्या फोटोंच्या काही जोड्या पाठवल्या होत्या. यान पुढं सरकताना एकाच जागेचे काढलेले दोन-दोन फोटो. सरांनी त्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांत वाटल्या होत्या. बघा, आणखी कुठं बर्फाचा ज्वालामुखी दिसतो का. नाव होईल अशी काही कुणाची आशा नव्हती; मोठमोठी माणसं मोठमोठी यंत्रं घेऊन तिकडे बसलीच होती. पण चारू एखाद्या गोष्टीच्या मागं लागली की लागली. तिन्हीसांजेपर्यंत खिडकीशी बसून ती फोटो उलटेपालटे करायची आणि जेवताना बापाला सांगायची. लाव्हा नसतो तिथं बाबा, आतून पाणी येते, नायट्रोजन येते, ते बाहेर येऊन गोठते, थरावर थर चढतात. लहानूजी "हो का" म्हणायचे. ती थोडा वेळ त्यांच्याकडे बघायची, मग भाजी वाढायची.

दसऱ्याला दोघं दीक्षाभूमीवर गेले. लहानूजी छप्पन्न सालापासून एकदाही चुकले नव्हते. त्या पहिल्या वर्षी ऐन तारुण्यात पांढरे कपडे घालून लाखांच्या गर्दीत उभे असताना त्यांना असं वाटलं होतं की आता इथून उडताही येईल, आणि पुढं दरवर्षी त्या मैदानात पाय ठेवला की त्यातलं थोडं तरी परत यायचं. या वर्षी ते रांगेत उभे राहिले, नमस्कार केला, वंदना ओठांनी पूर्ण म्हटली. काही आलं नाही. परतताना त्यांनी चारूसाठी एक बाबासाहेबांचा बिल्ला घेतला, आणि तो देताना त्यांचा हात तिच्या ओंजळीच्या अलीकडेच उघडला. बिल्ला मातीत पडला. चारूनं तो उचलून पुसला आणि बापाकडे असं पाहिलं की दुसऱ्या कुणाला भरून आलं असतं.

दोन दिवसांनी प्रयागबाई आली. लहानूजी मागच्या नहाणीत हातपाय धूत होते, आणि पोरींना वाटतं बापाला ऐकू येत नाही.

"मंग कवा जातं वं अहमदाबादले?" प्रयागबाईनं विचारलं.

"नाई जात आत्या," चारू म्हणाली. "कशी जाऊ? त्यायले पाहून राहिली नं तू. माणूस चालते-फिरते, पन घरात कोनी नसते. चहा सांडते तं समजत नाई. ते एकदा पहिलेसारखे बोलले, एकदा कोनावर ओरडले तरी मी जाईन. असं दगड होऊन बसलेल्या माणसाले टाकून कशी जाऊ?"

लहानूजींनी तांब्या खाली ठेवला. वाईट वाटलं म्हणावं तर तसं नाही. पण डोकं जागेवर होतं, आणि डोक्याला एक गोष्ट स्वच्छ कळली: पोरीनं जायला हवं. हे भावनेनं कळलं नाही, हिशेबानं कळलं. सिंधूबाई असती तर तिनं पोरीला हाताला धरून गाडीत बसवलं असतं. ती नाही, तेव्हा हे काम आपल्याकडे आलं. आणि पोरीला जिवंत बाप बघायचा आहे. ठीक आहे, तर तसा बाप उभा करू.

मग आमच्या लहानूजींनी जे काही आरंभलं, ते बघून नाटक कंपनीवाल्यांनीही कानाला हात लावला असता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते तर्रीपोहे बांधून घेऊन आले आणि दारातूनच ओरडले, "चारू, पाहा काय आनलं!" ओरडणं थोडं जास्त झालं, शेजारचं पोर रडत उठलं. रेडिओवर विनोदी कार्यक्रम लागला तर ते हसायचे, पण इतरांपेक्षा जरा उशिरानं. एकदा त्यांनी दूधवाल्याशी दुधात पाणी आहे म्हणून भांडण काढलं. दूधवाला चांगला माणूस होता, तो गोंधळून गेला, त्यानं एक माप फुकट घातलं, आणि लहानूजींना पुढं काय बोलायचं ते सुचेना. चारू हे सगळं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आशा दिसायची आणि लगेच मावळायची. वाण्यानं तराजूत गूळ टाकावा आणि काटा हलून परत जागेवर यावा, तसं चाललं होतं.

आणि मग तो रविवार आला.

सकाळचं लख्ख ऊन खिडकीतून चटईवर पडलं होतं. चारूनं तिथं ट्रायटनचे दोन फोटो मांडले, त्यावर तो मोडीतला स्टिरिओस्कोप ठेवला आणि हाक मारली. "बाबा, इकडे या नं जरा. ही नवीन जोडी हाये. अजून मीबी धड पाहिली नाई. पहिले तुम्ही पाहा. तुमच्यासारखी नजर आमच्या सरांचीबी नाई."

लहानूजींना कळलं की परीक्षा म्हणतात ती हीच. तर्रीपोह्यांनी जे झालं नाही ते इथं होईल. ते चटईवर मांडी घालून बसले, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि वाकले.

डावीकडे काळोख. उजवीकडे एक करडा, खवल्याखवल्यांचा कागद. कागदच. पण सवय मेली नव्हती. त्यांनी ऊन कुठल्या बाजूनं येतंय ते हेरलं. एका खवल्याशेजारी एक गोल होता. उनाकडची त्याची कड उजळ, पलीकडची काळी. म्हणजे उंचवटा. वरच्या टोकाला उलट, अलीकडे काळं, पलीकडे उजळ. म्हणजे तोंड.

"अरे बाप्पा!" लहानूजी म्हणाले. या वेळी आवाज बरोबर लागला. "हे पाहिलं का तू? हे, इथं! कसा उठून आला हाये पाहा. चांगला टेकाडाएवढा. आन् वर तोंड हाये त्याले. इकडून उतार बेताचा, तिकडून मात्र एकदम कडा. चारू, हाच तुहा ज्वालामुखी!"

ते बोलत गेले. बोटानं फोटोवर न टेकता हवेतच घेर काढून दाखवला. थर कसे चढले असतील ते सांगितलं. कचेरीतल्या जुन्या दिवसांसारखा त्यांचा आवाज चढला, आणि चारू हात जोडून, ओठ घट्ट मिटून, बापाच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. लहानूजींना ते उजव्या डोळ्यानं दिसलं. जमलं, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

"सरका," चारू हसत म्हणाली. "मले पाहू द्या."

ती वाकली. भिंगांवर डोळे ठेवले. थोडा वेळ गेला. तिचं हसू तसंच होतं, फक्त हलायचं थांबलं.

"बाबा, इथं तं खड्डा दिसून राहिला," ती म्हणाली.

"खड्डा? छे."

तिनं डोकं वर केलं, फोटोंच्या कडा पाहिल्या, मागं लिहिलेले आकडे पाहिले. मग डावा फोटो उचलून उजवीकडे ठेवला आणि उजवा डावीकडे. पुन्हा वाकली. या वेळी फार वेळ लागला नाही.

लहानूजींच्या ध्यानात आलं. तीस वर्षं ज्या चुकीवर ते हॉलभर ओरडत आले, ती चूक त्यांच्या नाकाखाली मांडलेली होती. पोरीनं घाईत फोटो उलटे लावले होते. त्या मांडणीत दोन डोळ्यांच्या माणसाला खड्डाच दिसला असता, आणि लहानूजींनी तर पहिल्याच नजरेला फोटो बदल म्हणून गर्जना केली असती. त्यांनी सांगितलं ते खरं होतं. ट्रायटनवर तिथं उंचवटाच होता. पण तसं मांडलेल्या फोटोंतून तो फक्त अशाच माणसाला दिसला असता, जो एकाच डोळ्यानं पाहतो.

चारू त्यांच्यासमोर सरकून बसली. तिनं आपला तळहात त्यांच्या डाव्या डोळ्यावर ठेवला. "मी दिसते?"

"दिसते नं."

तिनं हात काढला आणि उजव्या डोळ्यावर ठेवला. हाताला फोटोच्या कागदाचा वास होता. लहानूजींसमोर नुसता काळोख राहिला.

"कधीपासून?" चारूनं विचारलं. तिनं हात अजून काढला नव्हता.

"जुलैपासून."

"डॉक्टरले दाखवलं?"

"नाई."

"काहून नाई?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता, आणि खरं बोलायला त्यांना जड जाईल असंही काही नव्हतं. "काही वाटलंच नाई वं," लहानूजी म्हणाले. "तुह्यापासून लपवलं असं नाई. डोळा गेला तं गेला. तुही माय गेली तेव्हापासून मले काही वाटतच नाई. मी लय पाहिलं, काही हाये का म्हनून. काहीच नाई. लोकं म्हनतात रड. कशावर रडू? दीक्षाभूमीवर गेलो तिथंबी नाई. तू म्हनतं दगड, तं दगडच समज."

चारूनं हात काढला. लख्ख उजेड परत आला आणि त्यात तिचा चेहरा, गालांवरून पाणी वाहत असलेला, आणि चिडलेला. लहानपणी तिला कुणी गणितात फसवलं की असाच चिडायचा.

"काहीच वाटत नाई?"

"नाई."

"मंग खोटं काहून बोलले?"

लहानूजींनी चटईवरचा स्टिरिओस्कोप उगाच सरळ केला.

"पोहे काहून आनले? त्या बिचाऱ्या दूधवाल्याशी भांडले काहून? दिसत नसताना डोंगर काहून दाखवला मले? ज्याले काही वाटत नाई तो कशाले एवढी खटपट करन? सांगा नं."

बाहेर कुणी तरी हातपंप मारत होतं. त्याचा कुईकुई आवाज तेवढा येत राहिला. लहानूजींनी उत्तर शोधलं. त्यांना वाटत होतं की तो नुसता हिशेब होता, पोरीनं जायला हवं एवढा साधा हिशेब. तसं सांगायला त्यांनी तोंड उघडलं.

"तू जावं म्हनून," ते म्हणाले, आणि आवाज मध्येच चिरकला. त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. त्यांनी घसा खाकरला आणि परत म्हणून पाहिलं. "तू जावं म्हनून वं," आणि तो पुन्हा त्याच ठिकाणी चिरकला.

पदरानं तोंड पुसायची चारूला सवय नव्हती, ओढणी खुंटीवर होती, म्हणून तिनं बाहीनंच नाक-डोळे पुसले. मग ती फोटो गोळा करायला लागली. एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या, पाकिटात घातले, स्टिरिओस्कोपचे पाय दुमडले. हे सगळं तिनं फार सावकाश केलं, आणि तिच्या हातांकडे पाहून लहानूजींना कळलं की ती मनाशी काही तरी ठरवते आहे.

"उद्या सकाळी डोळ्याच्या डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली. "मंग कचेरीत तुम्ही साहेबाले सगळं खरं सांगायचं, मी संगं येते. आत्या म्हनत होती तिकडं एकटीले करमत नाई, तं तिले इथं राहाले बोलावून घेऊ."

"बरं," लहानूजी म्हणाले. "आन् तू?"

"मी जाते बाबा," चारू म्हणाली. "दिवाळी झाली की जाते अहमदाबादले."

जे हवं होतं ते मिळालं होतं. लहानूजींनी मान डोलावली, चटईवरून उठायला भिंतीचा आधार घेतला, आणि अर्धवट उठलेले तसेच थांबले. पोरगी जाणार होती. या दोन खोल्यांतून तिची हाक, तिचं ते जेवताना चंद्राबद्दल बोलणं, खिडकीशी पालथं पडणं, सगळं उठून जाणार होतं. ते परत खाली बसले. त्यांना फार वाईट वाटलं.